नवसाबाईंच्या भिंतीलगतचा खड्डा

१५ जानेवारी १९७८, रविवार

॥ श्री ॥

घराचा मागचा अर्धा भाग उतरवून झाला. दोन्ही मुलींना देवळाली कॅम्पला माझ्या भावाकडे ठेवलं आहे. आम्ही दोघं पुढच्या दोन खोल्यांत. बाहेरच्या खोलीत स्टोव्ह, अंथरूण, सिमेंटची पोती, पाट्या, फावडी, सगळं एकत्र. आतल्या खोलीत देव. तिथं एकही पोतं ठेवू दिलं नाही. हे म्हणाले, "दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे." मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

आज इंजिनिअर आले, यादव साहेब. सांगलीकडचे. ह्यांच्या प्रेसमधल्या कुणीतरी गाठ घालून दिली. वय तिशीचं, पण हसत नाहीत. स्कूटर चौकात ठेवावी लागली. आमच्या हांडे बोळात दोन माणसं समोरासमोर आली की एकानं कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं, ही इथली रीत. साहेबांना ती काय माहीत! ते सरळ चालत आले आणि डोक्यावर धुण्याची बादली घेतलेल्या नवसाबाईंना स्वतःच्याच ओट्यावर चढावं लागलं. "मोठा आला सायेब," असं त्या मोठ्यानं म्हणाल्या. साहेबांनी ऐकलं असणार.

नवसाबाई म्हणजे बोळातलं पहिलं घर. आमचं दुसरं. मधली भिंत दोघांची मिळून, कच्च्या विटांची, लाकडी खांबांवर. आमची बाजू मोकळी झाल्यापासून ती उघड्या अंगासारखी दिसते.

साहेबांनी मागे खणलेल्या खड्ड्यातली माती मुठीत चुरगळून पाहिली. म्हणाले, ही पांढरी. माणसं पिढ्यान् पिढ्या राहिली, राख, शेण, पडक्या भिंती साचत गेल्या, तिची ही टेकडी. खरी जमीन, म्हणजे मुरूम, तीन पुरुष खाली. पाया तिथपर्यंत नेला नाही तर वर बांधलेलं सगळं खचणार. ते कसं करायचं, त्याच्या त्यांनी तीन तऱ्हा सांगितल्या. रुंद चौकोनी खड्डे खणून खालून दगड बांधत यायचं. नाहीतर लोखंडी तिपाई उभी करून वरून जड पहार आपटत भोक पाडायचं. ती तिपाई सुटी करून बोळातून आणता येते. नाहीतर मोठं गिरमिट. चार माणसांनी गोल फिरवत हातानं भोक पाडायचं, बुडाशी ते उखळासारखं फुगवायचं, सळयांचा पिंजरा सोडून काँक्रीट भरायचं. असे दहा.

पहिल्या तऱ्हेनं खणायला घेतलं की शेजारची भिंत खड्ड्यात येणार. दुसरीनं काम लवकर होतं, पण पहारेच्या दणक्याला ही भिंत टिकेल का ते सांगता येत नाही. ह्यांचा कल दुसरीकडे होता. रजा किती काढायची, हाच त्यांचा विचार. मी तिसरी म्हटलं. भिंत तर आहेच, पण रोज दणके बसत असताना देव पूजेला कसे बसवायचे?

"तिसरी चालेल," साहेब म्हणाले. "पण एक आहे. खणलेला खड्डा त्याच दिवशी भरायचा. उघडा ठेवायचा नाही. काहीही झालं तरी."

मग विचारलं, "जवळपास जमिनीखाली काही आहे का? आड, पेव, जुनं गटार?"

आम्ही दोघांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. काही नाही म्हणालो.

९ फेब्रुवारी

वाळू आली. ट्रक चौकापर्यंतच येतो, तिथून सगळं डोक्यावर. ड्रायव्हर मालेगावचा, त्यानं फाळका सोडला तो नेमका रहाडीवर. मी हातातलं पीठ तसंच घेऊन धावले.

"अहो, तिथं नका ओतू! खाली रहाड आहे."

"क्या है?"

त्याला बसून समजावलं. जमिनीखाली दगडी हौद आहे, खोलीएवढा, पेशव्यांच्या वेळचा. वर्षभर फळ्या आणि माती टाकून झाकलेला असतो. रंगपंचमीला एकच दिवस उघडायचा, पूजा करायची, केशरी रंगाचं पाणी भरायचं, सगळ्या गल्लीनं त्यात उड्या घ्यायच्या. देवाची जागा आहे ती. तो म्हणाला, "अम्मा, देव नीचे है तो दिखता कैसे?" मी म्हटलं, दिसायला कशाला हवा? वाळू नवसाबाईंच्या ओट्याच्या पलीकडे ओतून घेतली. दोन पाट्या सांडल्या, त्या झाडूनं भरून आणल्या. वाळू काही फुकट येत नाही.

२० फेब्रुवारी

गिरमिट सुरू. आडव्या दांड्याला चार माणसं, गोल गोल. मुकादम सावळीराम सिन्नरकडचा. तोंड अखंड चालू. आज म्हणतो, "वैनी, बैल म्हाग झाले म्हून आमाला जुपलं का?" मी म्हटलं, बैल दोनदा चहा मागत नाहीत. त्यावर चौघं इतके हसले की गिरमिट वाकडं झालं. साहेबांनी ओळंबा लावून सगळं परत काढायला लावलं. ह्या हसण्याला मीच कारण झाले म्हणून साहेब माझ्याकडेही रागानं बघत होते.

त्याच दिवशी भरायचं हे मात्र पाळतो आहोत. एकदा माल कालवता कालवता दिवेलागण झाली तरी भरला.

नवसाबाईंची सून झुंबर दुपारी मागल्या दारात येऊन काम बघत बसते. सटाण्याकडची, अंगानं बारीक. आठवा संपत आलाय. तिला आई नाही, म्हणून पहिलं असूनही बाळंतपण सासरीच. सहादू, तिचा नवरा, एसटीच्या वर्कशॉपात. नवसाबाई तिला पायात चप्पल घालायला लावतात, गारठा लागू नये म्हणून. माझ्या सासूनं मला कधी म्हटलं नव्हतं.

१२ मार्च, रविवार

नऊ झाले. दहावा राहिला, तो नेमका नवसाबाईंच्या भिंतीलगतचा. ईशान्येचा कोपरा. सिमेंटचं परमिट अडकलंय, त्यामुळे थांबलो. सावळीराम आणि मंडळी गावी गेली.

साहेबांनी भिंतीवर खडूनं रेघ मारली आहे. तिच्यापासून हातभर तरी लांब राहायचं. "हा शेवटचा सगळ्यात वाईट," म्हणाले. असं कुणी बोलतं का? मी त्या कोपऱ्यात रांगोळी काढली, हळदकुंकू वाहिलं.

२४ मार्च, शुक्रवार

होळी आणि ग्रहण एकाच दिवशी. होळी वेळेआधी पेटवून घेतली. झुंबरला नवसाबाईंनी ग्रहण सुटेपर्यंत एका जागी बसवलं, भाजी चिरायची नाही, सुईला हात लावायचा नाही. पोर घाबरून गेलेली. मी दर्भाची काडी नेऊन दिली. तेव्हा म्हणाली, "काकू, आते बाळ लवकर येवाले पाहिजे." मी म्हटलं, येईल.

२५ मार्च

आलं. सकाळीच. मुलगी. नवसाबाईंनी साखर वाटली, आमच्याकडे मात्र ओट्यावर ठेवून गेल्या. त्यांच्या घरात सुवेर, माझं सोवळं त्यांना ठाऊक. बाळंतिणीची खोली भिंतीला लागूनच आहे, अंधारी, उबदार. दुपारी भिंतीपलीकडून बाळाचं रडणं ऐकू आलं. इतकं स्पष्ट, जशी मधे भिंतच नाही.

सिमेंटही आजच आलं.

२८ मार्च, मंगळवार

दहावा खड्डा खणून झाला. यादव साहेब नव्हते, सांगलीला गेलेत, गुरुवारी येणार. सगळं नीट सांगून गेलेत. वरून साधारण एक पुरुष खाली गेल्यावर गिरमिटात जुन्या विटांचे तुकडे आले, चुना आला, आणि ओलसर काळी माती. सावळीराम म्हणाला, "कायतरी बांधकाम व्हतं हितं पयलं." ह्यांनी तुकडे बाजूला ठेवले, साहेबांना दाखवायला. मग पुढे मुरूम लागला, बुड फुगवलं, पिंजरा तयार. भरायचं तेवढं बाकी.

मी सकाळीच गुरुजींकडे जाऊन आले होते. ते म्हणाले, शेवटचा, ईशान्येचा, आणि मंगळवारी? गुरुवारी सकाळी चांगला मुहूर्त आहे, पंचमी उलटून गेलेली.

ह्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, साहेबांनी काय सांगितलंय?"

"नऊ साहेबांच्या मनासारखे भरले. एक देवाच्या मनासारखा भरू द्या."

"दोन दिवस उघडा राहील."

"पाऊस आहे का? कोरडा ठणठणीत तर आहे."

सावळीरामला आमचं बोलणं बरंच वाटलं. उद्या रंगपंचमी, त्याच्या माणसांना रहाडीत उडी मारायची आहे. "वैनी बराबर बोलत्यात. देवाच्या कामाला घाई नाय." ह्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो विडी शोधायला गेला. पण ह्यांना उद्या ड्यूटी, परवा रजा. शेवटी हो म्हणाले. खड्ड्याच्या तोंडावर पाट ठेवला, त्यावर पाण्यानं भरलेला कलश आणि नारळ. दिसायला शोभिवंत दिसतं.

२९ मार्च, बुधवार, रंगपंचमी

आज जे झालं ते आधी नीट लिहून ठेवते.

सकाळी रहाड उघडली. फळ्या काढल्या, दगड धुतले, पूजा झाली. मग टँकरनं आणि नळीनं पाणी, फुलांचा रंग. दुपारी चौकात नुसता गोंधळ. सावळीराम पहिल्या उडीतच टोपी हरवून बसला. मी ओट्यावरून पाहिलं आणि आत आले, रंग अंगावर नको म्हणून.

चारच्या सुमारास मागे गेले, कलशाला फूल वाहायला. पाट उचलला. आत पाणी! काल कोरडा होता. आणि पाण्याचा रंग केशरी. कुणी ओतलं म्हणावं तर पाट जसाच्या तसा, कलश जागेवर, नारळही हललेला नाही. मी तिथंच बसले. डोळ्यांना धार लागली. ईशान्य कोपरा, शेवटचा खड्डा, रंगपंचमी. देवानं आपणहून कौल दिला.

नवसाबाईंना भिंतीअलीकडून हाक मारली. त्या बोळातून आल्या, कशाला न शिवता बघितलं, हात जोडले. मग बातमी लपते का? तासाभरात सगळ्या गल्लीच्या बाया आल्या. पितळी तांब्या दोरीला बांधून खड्ड्यात सोडायचा आणि तीर्थ काढायचं. बोळातून आमच्या बाहेरच्या खोलीपर्यंत रांग. प्रत्येकीला मी स्वतःच्या हातानं दिलं, कुणाला नाही म्हटलं नाही. पाणी गढूळ निघत होतं, तांब्यात खाली दोन बोटं माती बसायची. मी धुतलेल्या धोतराच्या फडक्यातून गाळून दिलं. फडक्यावर मातीचा हा एवढा लगदा साचला, चार वेळा झाडावा लागला. आणि नवल हे की कितीही काढलं तरी पाणी कमी होईना. काढलं की परत भरतं.

त्यातच नवसाबाईंच्या घरात आज पाचवी. पाटा-वरवंटा पुजला असेल. उद्या सहावी, सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहिते तो दिवस. त्यांनीही मोठा गडूभर तीर्थ नेलं, बाळाच्या गुटीत घालायला.

संध्याकाळी मागे भांडी घासताना झुंबरची हाक आली भिंतीपलीकडून. "काकू, भीत बोली ऱ्हायनी." भिंत बोलतेय म्हणे. मी कान लावला. खरंच आतून बारीक सरसर येत होती, धान्य ओतावं तशी. उंदीर असतील. ओल्या बाळंतिणीला असं काहीबाही ऐकू येतंच, मलाही मोठीच्या वेळी यायचं. म्हटलं, रामरक्षा म्हण. तिला येत नाही म्हणाली. मग मीच अलीकडून म्हटली, मोठ्यानं, शेवटपर्यंत.

हे आल्यावर सगळं सांगितलं. हे कंदील घेऊन भिंतीजवळ बराच वेळ उभे होते.

३० मार्च, गुरुवार

यादव साहेब मुहूर्ताच्या आधीच आले. मी स्नान करून, ताट घेऊन खड्ड्याशी उभी. दोन बाया तीर्थासाठी थांबलेल्या, एकीचा तांब्या खड्ड्यात. मी साहेबांना हसून म्हटलं, "पाहा, देवानं काय दिलंय."

त्यांनी खड्ड्यात पाहिलं, मग फडक्याच्या लगद्याकडे, मग भिंतीकडे. चेहरा पांढरा फटक. त्यांनी त्या बाईच्या हातातली दोरीच हिसकावली.

"किती काढलं पाणी?"

"काल सगळ्या गल्लीनं..."

"कुठून आलं हे? चौकात काय आहे? काय आहे चौकात?"

"रहाड," मी म्हटलं. "रंगपंचमीची."

"मी विचारलं होतं तुम्हाला! जमिनीखाली काही आहे का म्हणून विचारलं होतं!"

ते खरंच आहे, विचारलं होतं. पण रहाड जमिनीखाली आहे असं आमच्या कधी डोक्यातच आलं नाही. ती आपली रहाड आहे. देवळाला कुणी इमारत म्हणतं का?

हे धावत आले, विटांचे तुकडे दाखवले. साहेब भराभरा बोलत होते. रहाडीचं पाणी जाण्यासाठी कुणीतरी पूर्वी मोरी बांधलेली, ती नवसाबाईंच्या घराखालून येते, आमच्या गिरमिटानं ती फोडली. दरवर्षी पाणी जागच्या जागी मुरायचं. यंदा त्याला उतरायला भोक मिळालं. आणि आम्ही जितकं उपसलं तितकं ते नवं आलं, येताना भिंतीखालची माती घेऊन आलं. "तुम्ही तांब्यातांब्यानं पाया काढून वाटलात," म्हणाले.

खडूच्या रेघेच्या वर भिंतीला चीर होती. बोट जाईल एवढी. आम्ही बघत असताना तिच्यातून माती सांडली. सरसर.

"खड्ड्यात वाळू! आत्ताच्या आत्ता! पाणी काढू नका, वाळू ओता!" सावळीरामची माणसं, हे, काल रांगेत असलेल्या बाया, सगळे पाट्या घेऊन लागले. साहेबांनी वासे लावायला घेतले आणि मला म्हणाले, "पलीकडे कोण आहे?"

"बाळंतीण," मी म्हटलं. "सहा दिवसांची."

ते बोळात पळाले. मी मागून. दारात नवसाबाई आडव्या उभ्या.

"बाहेर काढा त्यांना, भिंत येतेय!"

"बाळंतीण हलायची नाही. आज सहावी हे. सटवाई ह्याच खोलीत यायची. जागा बदलली तर पोर तिला कुठं सापडंल? बिनलिहिल्या कपाळाची राहील माझी नात?"

"आजी, पोर जिवंत राहिली तर कपाळ राहील ना!"

"तोंड आवर सायबा! कालपातूर माझ्या ओट्यावर चढायची अक्कल नव्हती, आज घरात शिरतोस?" त्यांनी कडी धरून ठेवली. साहेबांनी त्यांचा हात धरला, तशा त्या ओरडल्या, बोळातले दोन पुरुष पुढे आले. आता मारामारीच व्हायची.

मी आजवर सुवेर असलेल्या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. सख्ख्या बहिणीकडेसुद्धा बारा दिवस जात नाही. आज सोवळ्यातच आत गेले, नवसाबाईंच्या बगलेखालून.

खोलीत धूर, शेगडी, अंधार. झुंबर बाळाला पोटाशी धरून भिंतीकडे बघत होती. अंथरुणावर, केसांवर माती. कोपऱ्यात कालचा पाटा, त्यावर वरवंटा, कोरा कागद, टाक आणि तेवता दिवा.

"नवसाबाई," मी आतूनच ओरडले, "सटवाई घराला येते की पाट्याला?"

त्या थबकल्या. "म्हंजी?"

"पूजा कशाची केलीत? घराची की पाट्याची?"

"पाट्याची."

"मग पाटा उचला. तो जिथं, तिथं ती येईल. माझ्या देवघरात मांडा. तिथं तिला चुकायचं कारण नाही."

"तुझ्या देवघरात? सुवेर..."

"उचला म्हणते ना!"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. भिंतीतून एक वीट निसटून शेगडीजवळ पडली. मग नवसाबाईंनी पाटा उचलला. एकट्यानं, एवढा दगडी पाटा, साठीची बाई. दिवा मी घेतला. "इझू देऊ नको," म्हणाल्या. "इझला तर मी परत इथंच येऊन बसंन." पदर आडवा धरून मी पुढे, पाटा मागे, त्याच्या मागे झुंबर बाळाला घेऊन, तिला साहेबांनी धरलेलं. साहेब म्हणत होते, "काकू, लवकर, लवकर." पण दिवा घेऊन पळता येत नाही. बोळात वाळूच्या पाट्या घेऊन माणसं समोरून येत होती. एकेक जण ओट्यावर चढला.  वात एकदा अगदी निळी झाली, मी श्वास सोडला नाही. तशीच आत गेले.

बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. देवघरातच सतरंजी टाकली, देवांच्या समोर. देव कुठे नेणार? नेले नाहीत. पाटा मांडला, कागद ठेवला, दिवा ठेवला. झुंबर भिंतीला टेकली आणि तिथंच थरथर कापायला लागली. मी शेगडी पेटवायला बाहेर आले तेव्हा आवाज झाला.

मोठा नव्हता. पोतं टाकल्यासारखा. मग धूळ आली, बोळ भरून. वासे मोडले होते. भिंत आमच्या बाजूला नाही, त्यांच्या बाजूला बसली होती. छताची तुळई बाळंतिणीच्या अंथरुणावर आडवी. सावळीरामच्या पायाला खरचटलं, बाकी कुणाला काही नाही.

नवसाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मला वाटलं रडतील. म्हणाल्या, "तुझ्या देवानं वाचवलं असं म्हनू नको हां. तुझ्या देवाचंच पानी व्हतं ते."

मी म्हटलं नाही.

३१ मार्च, शुक्रवार

सकाळी नवसाबाईंनी पाट्यावरचा कागद उचलून पाहिला. दोन्ही बाजूंनी. "आली व्हती का?"

खोटं बोलवेना. म्हटलं, "मी काही पाहिलं नाही. पण दिवा सकाळपर्यंत होता."

त्यांनी कागद घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला. 

सहादू कालच आला होता, वर्कशॉपातून तसाच, हात तेलानं माखलेले. आधी बायको-मुलीला बघून गेला, मग यादव साहेबांची कॉलर धरली. साहेब म्हणाले, "चूक माझी. चौकात विचारायला हवं होतं, मी घरात विचारलं." ह्यांनी मधे पडून सोडवलं. साहेबांनी सगळं अंगावर घेतलं आणि मी तिथं उभी असून गप्प बसले. हातात परात होती, ती घासत राहिले.

तेच रात्रभर टोचत राहिलं. म्हणून आज सहादू ढिगाऱ्यातून भांडी काढत होता तिथं गेले. म्हटलं, "सहादू, साहेबांनी त्याच दिवशी भरा सांगितलं होतं. मुहूर्तासाठी मी थांबवलं. पाणीही मीच वाटलं."

त्यानं वाकलेलं पातेलं उलटंसुलटं करून पाहिलं.  "मला रातीच कळलं, काकू. आईनं गडू आणला व्हता त्यातलं मी बी प्यायलो." मग म्हणाला, "शिव्या द्यायच्या तर कुनाकुनाला देऊ? सगळ्या गल्लीच्या पोटात हे ते पानी." आणि पातेलं दगडावर इतक्या जोरानं आपटलं की मी दोन पावलं मागे सरले. "भित मात्र तुमी बांधून द्यायची. पक्की. खालपासून."

मी हो म्हटलं. ह्यांना विचारलं नाही.

माझ्या देवघरात त्या पाण्याचा अजून अर्धा तांब्या आहे. टाकवत नाही, ठेववत नाही. खूण होती असं मला अजून वाटतं. पण ती मी वाचली तशीच होती का, ते कुणाला विचारू?

६ एप्रिल

साहेबांनी नवा नकाशा आणला. दहावा खड्डा वाळूसकट तसाच सोडून द्यायचा. भिंतीपासून चांगलं चार हात लांब दोन नवे घ्यायचे, आणि त्यांच्यावरून भिंतीखाली काँक्रीटची तुळई न्यायची. तीच नवसाबाईंचंही घर उचलून धरेल. मोरीचं तोंड विटांनी बंद. रहाड रिकामी करून झाकली, पाणी दुसरीकडे काढायची सोय चौकातली मंडळी करणार म्हणतात. बघू.

घराचा वरचा मजला आता होणार नाही. तेवढे पैसेच उरणार नाहीत. मुली नाराज होतील.

पहिला नवा खड्डा आज संध्याकाळी खणून झाला आणि दिवा लावायच्या आत भरलासुद्धा. सहादू रजा काढून काठावर उभा होता, हाताची घडी घालून, प्रत्येक पाटीकडे बघत. साहेब येताना बोळात नवसाबाई समोर आल्या. साहेब आपणहून ओट्यावर चढले. नवसाबाई थांबल्या, म्हणाल्या, "राहू दे, तू उतर. मला वर चढून बसायचंच हे."

११ एप्रिल, मंगळवार

झुंबर अजून आमच्याकडेच. सव्वा महिना झाल्याशिवाय नवसाबाई तिला हलवू देणार नाहीत, आणि त्यांची खोली उभी राहायला त्याहून जास्त लागेल. वन्सं आल्या होत्या. देवघरात बाळंतीण बघून दारातूनच परतल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." ह्यांनी विचारलं, देव तात्पुरते कुणाकडे ठेवायचे का? नको म्हटलं.

पोर पहाटे उठते आणि रडायला लागते ते अंघोळ होईपर्यंत थांबत नाही. स्टोव्ह एकच. त्यावर एका वेळी एकच पातेलं. इतकी वर्षं पहिलं पाणी देवांच्या स्नानाचं, मग बाकी सगळ्यांचं. आजही पातेलं चढवलं आणि ते तापलं तेव्हा ती इतकी रडत होती, मुठी आवळून, लाल झालेली. नवसाबाई पाय पसरून पाटावर तयार बसलेल्या, माझ्याकडे बघत. 

मी पातेलं त्यांच्यापुढे ठेवलं. देवांचं दुसऱ्यांदा चढवलं.